बोर्डानं टक्के लिहिले म्हणजे विषय संपत नाही

परभणी-हिंगोलीकडं एक समज पक्का बसलाय: मेडिकल बोर्डानं अपंगत्वाचे टक्के लिहिले की तो शेवटचा शब्द. दाद मागितली तर हातातला कागदही जाईल, असं वर सांगतात.

हे खरं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ५९ अपिलाचाच हक्क देतं. निर्णय पटला नाही, तर राज्य सरकारनं नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. प्रमाणपत्रच नाकारलं, तर कारण लेखी द्यावं लागतं. तो कागद मागून घ्याच.

आमच्या शेजारच्या मावशींच्या लेकराला ३८ टक्के लिहून आले. बहुतेक सवलतींची रेघ ४० वर. मावशींनी कागदाची घडी घातली, पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवला आणि तीन वर्षं कुणाला दाखवला नाही. कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर! आजही जीव हळहळतो.

संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलमधून फेटाळला जाणं ही गोष्ट वेगळी. तिथं बोर्डाच्या टक्क्यांविरुद्ध अपील करून उपयोग नाही. आधी नेमका कोणता निर्णय खटकतोय ते बघा. आणि कुठंही अर्ज दिलात, तर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.