एनएफएलमध्ये अनुभवी ऑफेन्सिव्ह लाइनमनची सही: पात्रता, कागदपत्रं आणि तारखा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिथे चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला जेमतेम तीन सेकंद मिळतात, आणि ते मिळवून देतात त्याच्यापुढे उभे असलेले पाच धिप्पाड गडी: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. हेच ऑफेन्सिव्ह लाइनमन. टीव्हीवर यांचं नाव बहुतेक वेळा चूक झाली की ऐकू येतं. पण यांच्यातला एखादा जायबंदी झाला की संघाचा मॅनेजर तिशी उलटलेल्या, करार संपलेल्या जुन्या गड्यांची यादी काढतो. हा जुना गडी कुणाला, केव्हा आणि कोणत्या कागदांवर घेता येतो, त्याची ही माहिती. अर्जाचा नमुना कुठे मिळतो असं विचारू नका, तसा नमुना नाही. नियम मात्र आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी योजनेला लाजवतील इतके आहेत.

पात्र कोण?

सगळं मोजमाप ‘अक्रूड सीझन’वर चालतं. नियमित हंगामातल्या किमान 6 सामन्यांसाठी पूर्ण पगारावर असलेल्या खेळाडूचं ते एक वर्ष धरलं जातं. अशी 4 वर्षं भरली आणि करार संपला की तो ‘अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’, म्हणजे वाटेल त्या संघाशी बोलायला मोकळा. 3 वर्षं असतील तर तो ‘रिस्ट्रिक्टेड’: दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम तेवढीच देऊन जुना संघ त्याला 5 दिवसांत राखू शकतो. त्याहून कमी वर्षंवाल्याला जुन्या संघाने ठरावीक प्रस्ताव दिला, की दुसरीकडे बोलायचीही सोय उरत नाही. आपला विषय अनुभवी गड्यांचा, त्यामुळे पहिलाच गट महत्त्वाचा.

करार चालू असतानाच संघाने काढून टाकलेला खेळाडू हा आणखी एक प्रकार. 4 वर्षं भरलेल्याला काढलं, तर ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपेपर्यंत तो ‘वेव्हर्स’च्या यादीत, म्हणजे काढलेल्या ज्या खेळाडूंवर इतर संघ हक्क सांगू शकतात त्यांच्या यादीत, जातच नाही. सकाळी काढला, दुपारी दुसऱ्या संघात सही, असं होऊ शकतं. त्यासाठी मार्चमध्ये सुरू होणाऱ्या लीगच्या नव्या वर्षाची वाटही बघावी लागत नाही. मुदतीनंतर मात्र तोही वेव्हर्सवर जातो आणि दुसरा एखादा संघ त्याचा करार जसाच्या तसा उचलू शकतो.

करार संपूनही ज्याच्या पायात दोरी राहते, तो म्हणजे ‘फ्रँचायझी टॅग’ लागलेला खेळाडू. हा टॅग लावून संघ त्याला ठरावीक रकमेत आणखी एक वर्ष आपल्याकडे राखतो. इथे लाइनमनच्या बाबतीत एक मजेशीर गोम आहे. टॅगची रक्कम ठरवताना टॅकल, गार्ड आणि सेंटर यांना एकाच टोपलीत टाकतात. भाव चढतो टॅकलमुळे, आणि गार्डला टॅग लावायचा तरी तेच पैसे मोजावे लागतात. 2025 मध्ये ही रक्कम सुमारे 2.34 कोटी डॉलर होती. म्हणून गार्डना टॅग क्वचितच लागतो. 2020 मध्ये ब्रँडन शर्फ आणि जो थुनी या दोन गार्डना लागला, तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. थुनी पुढच्या वर्षी मोकळा झाला आणि कॅन्सस सिटीने त्याला 5 वर्षांसाठी 8 कोटी डॉलरचा करार दिला.

निवृत्त गडी परत येणार असेल, तर आधी लीगच्या आयुक्तांकडे पुनर्प्रवेशाची विनंती करायची. निवृत्त होताना करार शिल्लक असेल, तर त्याच्यावर हक्क जुन्याच संघाचा.

मार्चमधले 52 तास

लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्यात, बुधवारी दुपारी 4 वाजता (न्यूयॉर्कच्या घड्याळाने) सुरू होतं. त्याआधी सोमवारी दुपारी 12 पासून बोलणी करायला परवानगी. 2025 मध्ये या तारखा 10 आणि 12 मार्च होत्या. पुण्यात बसून बघणाऱ्याला सोमवारची खिडकी रात्री साडेनऊला उघडते, जेवून निवांत बसावं अशी. बुधवारचा मुहूर्त मात्र मध्यरात्रीनंतर दीडचा.

या 52 तासांत बोलणी करायची ती मुख्यतः खेळाडूच्या एजंटशी. भेट, तपासणी, सही यांतलं काही नाही. सोमवारी रात्री ज्या ‘करार झाला’च्या बातम्या येतात, तो सगळा तोंडी मामला असतो, कुणालाही न बांधणारा. मर्यादा ओलांडली की दंड बसतो: 2024 मध्ये या खिडकीतल्या गैरसंपर्काबद्दल अटलांटाला अडीच लाख डॉलर आणि ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पाचव्या फेरीची निवड गमवावी लागली.

एजंट खेळाडूंच्या संघटनेकडे नोंदलेला हवा आणि त्याची दलाली जास्तीत जास्त 3 टक्के. खेळाडूला स्वतःची वकिली स्वतःही करता येते. टॅकल रसेल ओकंगने 2016 मध्ये तेच केलं. डेन्व्हरशी केलेला त्याचा करार कागदावर 5 वर्षांचा होता. पहिल्या वर्षानंतर पुढची 4 वर्षं ठेवायची की नाही, हे संघाच्या मर्जीवर. संघाने नाही ठेवली. लोक हसले. पण पुढच्याच वर्षी तो चार्जर्सकडे गेला आणि 4 वर्षांचे 5.3 कोटी डॉलर मिळवून बसला, तेही एजंटशिवाय.

कागदपत्रं

मूळ कागद एकच: लीगचा छापील, सगळ्यांना सारखा करारनामा. त्यातलं पाचवं कलम पगाराचं, म्हणून तिकडचे लोक मूळ पगाराला ‘पॅरा फाइव्ह’च म्हणतात. बोनस, हमी, अटी या पुरवणीत जोडतात. सोबत एजंटशी झालेल्या कराराची संघटनेकडची नोंद, जुन्या दुखापतींचे अहवाल नव्या संघाच्या डॉक्टरांना दाखवण्याची लेखी परवानगी, आणि अमेरिकेत कोणत्याही नोकरीला लागतात तसे ओळखीचे, कामाच्या हक्काचे व करकपातीचे फॉर्म. सही झालेला करार लीगच्या कार्यालयात जातो. संघाच्या पगारमर्यादेत तो बसत नसेल, तर मंजूर होत नाही.

तपासणीची खोली

खरी परीक्षा कागदावर होत नाही. दीडशे किलोचा माणूस टेबलावर आडवा, एक डॉक्टर त्याचा गुडघा वाकवतोय, दुसरा खांद्याची फिल्म उजेडात धरून बघतोय, आणि तोंडी ठरलेले कोट्यवधी डॉलर त्या एका सांध्यावर लटकलेले. करार ‘तपासणीच्या अधीन’ असतो, हे दोन शब्द लोक वाचतच नाहीत.

रॉजर सॅफोल्डला ते चांगलेच कळले. मार्च 2014 मध्ये ओकलंडने त्याच्याशी 5 वर्षांचा 4.25 कोटी डॉलरचा करार ठरवला. तपासणीत डॉक्टरांना खांदा पसंत पडला नाही आणि करार रद्द झाला. तो परत आपल्या जुन्या संघाकडे, रॅम्सकडे गेला, कमी पैशात. पुढे त्याच खांद्यानिशी तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला, 2019 मध्ये टेनेसीकडून 4 वर्षांचा 4.4 कोटींचा करार घेतला आणि 2022 पर्यंत मैदानात होता. डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. खांदा आठ वर्षं टिकेल, हे फिल्मवर लिहिलेलं नसतं.

पैसे कसे मांडतात

2025 ची पगारमर्यादा प्रत्येक संघाला 27.92 कोटी डॉलर होती. म्हाताऱ्या लाइनमनची धास्ती एकच, तो सगळे सामने खेळेल का? म्हणून पैसे हजेरीवर बांधतात. टायरन स्मिथ 2015 नंतर एकाही हंगामाचे सगळे सामने खेळू शकला नव्हता. 2024 मध्ये जेट्सने त्याला एका वर्षासाठी 65 लाख डॉलर दिले आणि तो मैदानात राहिला, तर आकडा 2 कोटींपर्यंत जाईल अशा अटी घातल्या. तो 10 सामने खेळला, मग मान गेली.

दुसरी युक्ती पोकळ वर्षांची. सायनिंग बोनस, म्हणजे सहीबद्दल मिळणारी रक्कम, हिशेबात जास्तीत जास्त 5 वर्षांवर पसरता येतो. समजा 35 वर्षांच्या गड्याला एका वर्षासाठी घेतलं आणि 50 लाख बोनस दिला. करारात 4 खोटी वर्षं जोडली की यंदा मर्यादेत धरायचे फक्त 10 लाख. तो गेला की उरलेले 40 लाख पुढच्या वर्षी एकदम अंगावर. उधारीच ती, नाव वेगळं.

तिसरी वाट किमान पगाराची. 7 किंवा अधिक वर्षं खेळलेल्याचा 2025 मधला किमान पगार 12.55 लाख डॉलर. सवलतीच्या एक वर्षाच्या करारावर घेतलं, तर मर्यादेत तो 2 वर्षांच्या पोराइतका, म्हणजे 10.3 लाखच धरतात. ही सवलत नसती, तर स्वस्तातला तरुण बघून जुन्याला कुणी विचारलं नसतं.

मार्च टळला तर

मोठी रक्कम मार्चमध्येच मिळते. 2017 मध्ये अँड्र्यू व्हिटवर्थ 35 वर्षांचा असताना सिनसिनाटी सोडून रॅम्सकडे गेला, 3 वर्षांचे 3.375 कोटी डॉलर घेऊन. फेब्रुवारी 2022 मध्ये चाळिशीत त्याने सुपर बोल जिंकला, तोही सिनसिनाटीलाच हरवून. बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबण्यामागे संघांचा हिशेब असतो. आपले गडी दुसरीकडे गेले की संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टची जादा निवड मिळते. करार संपलेला दुसऱ्याचा खेळाडू घेतला की ती कटू शकते. ही मोजदाद ड्राफ्टनंतरच्या सोमवारी थांबते. त्या संध्याकाळपासून फोन पुन्हा वाजू लागतात.

पुढची तारीख सप्टेंबरची. 4 वर्षं भरलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या दिवशी यादीत असला आणि नंतर काढला, तर उरलेल्या हंगामाचा मूळ पगार तो मागू शकतो, कारकिर्दीत एकदाच. म्हणून कित्येक जुन्या गड्यांना बोलावणं पहिल्या आठवड्यानंतर येतं. जखमी कोण झालं, हेही तोवर कळलेलं असतं.

शेवटचं दार सराव संघाचं, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या राखीव गड्यांचं. तिथल्या 16 जागांपैकी 6 जागांवर कितीही वर्षं खेळलेला चालतो आणि त्याला हंगामात 3 वेळा सामन्यासाठी वर घेता येतं. सामन्याला एरवी 47 जणांनाच सज्ज ठेवता येतं. त्यांत 8 ऑफेन्सिव्ह लाइनमन असतील, तर 48. हा नियम फक्त लाइनमनसाठी आहे, आणि तो अठ्ठेचाळिसावा पुष्कळदा जुनाच कुणीतरी असतो. 2022 मध्ये टायरन स्मिथ डॅलसकडे असताना जखमी झाल्यावर त्या संघाने 40 वर्षांच्या जेसन पीटर्सला याच दाराने आत घेतलं. 2023 च्या ऑक्टोबरात सिएटलने पुन्हा तेच केलं, तेव्हा तो 41 चा होता.