निळा धूर: रिंग गेली की व्हॉल्व्ह सील?

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की ‘रिंग गेली, बोअर करावा लागेल’ (म्हणजे सिलिंडर आतून कातावा लागेल) असा निकाल आजही सर्रास दिला जातो, आणि माझा आक्षेप या घाईला आहे. स्प्लेंडरसारख्या साध्या फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल जळणीच्या जागेत शिरण्याच्या दोन वाटा असतात. खालून शिरले तर दोष पिस्टनभोवतीच्या रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), वरून शिरले तर व्हॉल्व्ह सीलचा. पहिल्या दुरुस्तीत सिलिंडर उतरवावा लागतो. दुसरीत हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे, काम पुरते.

रिंगांचे काम बहुतेकांना ठाऊक असते: दाब धरणे आणि खालचे ऑइल वर येऊ न देणे. व्हॉल्व्ह सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर घट्ट बसणारी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी रबरी टोपी. हेडमधले ऑइल दांड्यावरून खाली ओघळू न देणे एवढेच तिचे काम. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते आणि पकड सुटते.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, थंड सकाळचा विरळ पांढरा धूर म्हणजे वाफ. त्यांचा येथे संबंध नाही. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे पुढील कसोट्या तिला लावू नयेत.

खरा घोटाळा होतो तो खुणा वाचताना. प्लग ऑइलने ओला आहे, ऑइल कमी होत आहे, म्हणून रिंगच गेली, असे सांगणारे मला पटत नाहीत, कारण या दोन्ही खुणा दोन्ही दोषांत सारख्याच दिसतात. धूर किती येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे पाहावे. गाडी रात्रभर उभी असताना हेडमधले ऑइल सैल सीलमधून थेंबथेंब खाली उतरते. सकाळी किक मारताच निळा लोट निघतो आणि ते ऑइल जळून गेल्यावर धूर विरतो. रिंग झिजली असेल तर इंजिन तापल्यावरही धूर थांबत नाही आणि चढावर, मागे माणूस बसवून ॲक्सिलरेटर पिळला की तो वाढतो.

घाट उतरण्याची कसोटी मात्र जपून वापरावी. आंबोली घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनात ओढ निर्माण होते आणि ऑइल गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) आत खेचले जाते, त्यामुळे पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की धुराचा भपका निघतो. ही खूण सीलची म्हणून सांगतात. पण त्याच ओढीने झिजलेल्या रिंगांमधूनही ऑइल वर येऊ शकते. म्हणून ती सकाळच्या धुराशी जोडूनच वाचावी.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे साधन) मिळाल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून आधीचे आणि नंतरचे माप ताडून पाहावे. आकडा चांगलाच वाढला तर रिंग-बोअर झिजले आहेत. मात्र कॉम्प्रेशन उत्तम आहे म्हणून सगळ्या रिंगा निर्दोष ठरत नाहीत: तिसरी, ऑइलची रिंग दाब धरत नाही; ती अडकली तर माप चांगले येऊनही धूर चालूच राहतो. तापलेल्या इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत धूर येत असेल, तर संशय रिंगांकडेच वळवावा.

आमच्या स्प्लेंडरचा बोअर एका गॅरेजात करून घेतला होता. नवा पिस्टन, नव्या रिंगा, आणि हजारभर किलोमीटर जपून चालवल्यावरही सकाळी किक मारताच धूर तुळशीवृंदावनापर्यंत पोहोचे. हेड उतरवूनही सील जुनेच ठेवले होते. पुढे ते काढले तेव्हा नखाने दाबताच एकाची कड तुटली.

या सगळ्या कसोट्यांआधी एक साधी गोष्ट तपासावी, ती म्हणजे ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी आणि स्प्लेंडरची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहावी. आटे फिरवून पाहिल्यास पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ऑइल खरोखरच जास्त भरले असेल, तर तेवढ्यानेही धूर येऊ शकतो. धूर दाबण्यासाठी १०डब्ल्यू-३० या नेहमीच्या जाडीच्या ऑइलऐवजी जास्त जाड ऑइल ओतण्याचा उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण त्याने झीज भरून निघत नाही.

सील बदलताना व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये आडवा हलवून पाहण्यास मेकॅनिकला सांगावे. तो खडखडत असेल तर गाइडही बदलावे लागते, नाहीतर नवे सीलही लवकरच निकामी होतात.