नमस्काराला वाकलात की नखंही बघा

गेल्या दिवाळीत आत्याच्या पाया पडायला वाकले आणि हात टेकायच्या आधीच थबकले. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळट, जाड, जुन्या शिंपल्यासारखं झालं होतं आणि टोकाशी शेजारच्या बोटाकडे वळलं होतं.

"आत्या, हे कधीपासून गं?"

तिनं साडीचा काठ खाली ओढला. "राहू दे गं. नेलकटरमध्ये मावतच नाही ते. तुझे काका काढायचे ब्लेडनं."

काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

आत्या ७८ वर्षांची. साताऱ्यात एकटी राहते, स्वतःचं जेवण स्वतः करते, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांसाठी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन येते. चपला ती दवाखान्याच्या दारातच काढते, तरी एवढ्या खेपांमध्ये तिची पावलं कुणी पाहिली नव्हती. आणि डॉक्टरांना कशाला बोला, आम्ही सात भाचरं दर सणाला त्याच पावलांवर डोकं ठेवत होतो.

म्हातारपणी पाऊल हा अवयव माणसापासून हळूहळू लांब जातो. कंबर वाकत नाही म्हणून हात पोचत नाही, मोतीबिंदूमुळे दिसत नाही, आणि मधुमेह असेल तर तळव्याला काही लागलेलं कळतही नाही. तिन्ही वाटा साधारण एकाच वयात बंद होतात. ज्याचा पाय, त्यालाच बातमी सगळ्यात शेवटी कळते.

आधी नखाचं बघू. हाताचं नख महिन्याला सरासरी साडेतीन मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम १.६. म्हणजे अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं व्हायला वर्ष ते दीड वर्ष जातं. वयानुसार हा वेग आणखी मंदावतो. विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाची वाढ तब्बल ३५ वर्षं मोजली. मुळाशी खूण करायची आणि ती पुढे कशी सरकते ते नोंदत राहायचं, एवढाच प्रयोग. वयाच्या ३२ व्या वर्षी ते नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५. चिकाटी कशाला म्हणतात ते यावरून कळावं.

नख पुढे सरकायचं मंदावलं की पेशींचे थर साचल्यासारखे होऊन त्याची जाडी वाढते. त्यात आयुष्यभर लागलेल्या ठेचा. ठेच लागून अंगठ्याचं नख निघालं नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. त्या दणक्यात नखाचं मूळ दुखावलं असेल, तर पुढे येणारं प्रत्येक नख जाड आणि वेडंवाकडंच येतं. कापायचं राहून गेलं तर ते मेंढ्याच्या शिंगासारखं वळतं. आत्याचं नख त्या वाटेला लागलेलं होतं.

अशा नखाशी कोरडेपणी झटापट करू नये. नख केराटिनचं असतं आणि केराटिन पाणी शोषून मऊ पडतं, म्हणून आंघोळीनंतर लगेच कापावं. एका घावात नाही, कडेकडेनं बारीक तुकडे करत, आणि सरळ रेषेत. हाताची नखं आपण गोलाईत कापतो, तीच सवय पायाला लावून कोपरे खोल कोरले की नख वाढताना बाजूच्या मांसात रुततं. मग सूज, पू आणि रात्रभर ठणका. जाडी कमी करायला कानस बरी. ब्लेड मात्र नकोच. तिन्हीसांजेला नखं काढू नयेत असं आजी म्हणायची, ते आम्ही अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं होतं. ज्याचा मोतीबिंदू पिकलाय त्याच्यासाठी तो सल्ला अजूनही पक्का आहे.

पिवळं नख दिसलं की औषधाच्या दुकानातून बुरशीचं मलम आणायचं, ही दुसरी घाई. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेली नखं वयानं, ठेचेनं किंवा सोरायसिससारख्या आजारानं तशी झालेली असतात. म्हणून आधी नखाचा कपचा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. बुरशी निघाली तर ती बहुतेक वेळा नायटा करणाऱ्या बुरशीच्याच घराण्यातली असते. ती नखाखाली ठाण मांडून बसलेली असल्यामुळे वरून चोपडलेलं साधं मलम तिथपर्यंत पोचत नाही. त्यासाठी टर्बिनाफिनची गोळी साधारण तीन महिने घ्यावी लागते, तीही यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

कातडीचं गणित वेगळं. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाची ग्रंथी एकही नाही. बाकी अंगाला निसर्गानं जे तेल दिलं ते इथे द्यायचं राहिलं. टाचेखाली चरबीची एक गादी असते. उतारवयात ती पातळ होते, तिची लवचीकता जाते. उभं राहिलं की अंगाच्या भारानं ती बाजूंना फाकते, आणि कडेची कोरडी, जाड कातडी ताण न सोसून तडकते. यालाच आपण भेगा म्हणतो, जुनी माणसं जळवात म्हणतात. मागून उघड्या सपाता दिवसभर घातल्या की टाचेला फाकायला रान मोकळंच मिळतं.

यावर युरिया असलेलं मलम चांगलं. ते पाणी धरून ठेवतं आणि जाड कातडी सैल करतं. ते नसेल तर पाय धुऊन, किंचित ओलसर असतानाच व्हॅसलिन लावावं. काशाच्या वाटीनं तळवे घासायची पद्धत अनेक घरांत आहे. तूप लावून घासलं की ते काळं पडतं आणि घासणारी व्यक्ती "बघा किती उष्णता निघाली" म्हणते. तो काळेपणा काशाचा असतो, तुपातली आम्लं आणि घाम यांची धातूशी गाठ पडल्याचा. तरी वाटी टाकून देऊ नका. तुपानं कातडी मऊ होते, आणि मुख्य म्हणजे त्या निमित्तानं कुणीतरी दहा मिनिटं पाय हातात घेऊन बसतं.

बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल, तूप, मलम काही नको. तिथे आधीच ओल असते. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या तिथेच, बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये. आंघोळीनंतर जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं प्रत्येक बेचकं टिपून घ्यावं. बायकांच्या जोडव्यांखालीही हीच ओल साचते. पाय सुजत असतील तर घट्ट जोडवं कातडीत रुतत जातं. आत्याची जोडवी काकांबरोबरच गेली, पण आईची मात्र मी दर महिन्याला सरकवून बघते.

कुरुपाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे, की त्याला मूळ असतं आणि ते उपटलं की कुरूप जातं. मूळबिळ काही नसतं. एकाच जागी सतत दाब पडला की कातडी स्वतःला जाड करते, आणि त्या मृत कातडीची टोचणारी सुई आत रुतते. चप्पल तीच राहिली की कुरूपही परत येतं. त्यावर चिकटवायच्या पट्टीत कातडी विरघळवणारं आम्ल असतं. मधुमेह्यानं ती लावू नये. बधिर पायावर आम्ल चांगली कातडीही खात जातं आणि दुखत नसल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

दुखण्याची किंमत काय असते हे ज्यांनी जगाला दाखवलं, त्यांतले एक डॉक्टर म्हणजे पॉल ब्रँड. जन्म तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरातला, १९१४ चा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते कुष्ठरुग्णांवर उपचार करत. तेव्हा समजूत अशी होती की या रोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांच्या लक्षात आलं की बोटं झडत नाहीत, ती जखमांनी झिजतात, कारण इजा झालेली कळतच नाही. काही रुग्णांच्या बोटांचा तुकडा सकाळी उठल्यावर नाहीसा झालेला असे. रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. मग रुग्णांना मांजरं देण्यात आली. पुढे अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांना मधुमेह्यांच्या पायात तीच गोष्ट दिसली. आज मधुमेह्यांसाठी मिळणारी मऊ 'एमसीआर' (सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराची) चप्पलही आपल्याकडे आधी कुष्ठरुग्णांच्या पायात होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांना पाय बधिर झालेत हे माहीतच नसतं. त्यांच्यासाठी इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या रुग्णालयातून आलेली एक चाचणी आहे. तिला कसलंही साधन लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचे. दोन्ही पावलांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांवर आपल्या बोटानं अलगद स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की त्यानं सांगायचं. दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली असं धरून डॉक्टरांना दाखवायचं. फराळ झाल्यावर आत्याला पलंगावर बसवून मी हेच केलं. तिनं सहापैकी पाच ओळखले. डाव्या करंगळीला मी दोनदा हात लावला तरी ती "लाव ना गं लवकर" म्हणत राहिली.

पाच म्हणजे तसं ठीक. तरी आता तिला बादलीतलं पाणी पायानं नाही, कोपरानं बघायला लावलंय. दुपारच्या प्रदक्षिणेवरून मात्र आमचं वाजलं. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून बधिर तळवे भाजतात आणि फोड घरी आल्यावर दिसतात, हे सांगितलं, तर म्हणाली देवाच्या दारात कसला चटका. शेवटी सकाळच्या काकड्याला जायचं यावर तडजोड झाली.

चप्पल हा आणखी एक मुद्दा. पावलात २६ हाडं असतात. त्यांना बांधून ठेवणारे बंध वयानुसार सैल होतात, कमान बसते, पाऊल लांब-रुंद होतं. माणूस मात्र तिशीत ठरलेलाच नंबर मागत राहतो. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि मागे पट्टा असलेली जोडी घ्यावी. घरातल्या गुळगुळीत सपाता पडण्याला आमंत्रण देतात. मेलबर्नमध्ये पाय दुखणाऱ्या ३०५ वृद्धांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीची पायांची देखभाल मिळाली. उरलेल्यांना त्याशिवाय बुटात घालायचे आधार, नीट पादत्राणं घ्यायला मदत आणि घोट्याचे घरगुती व्यायाम. वर्षभरात या दुसऱ्या गटाचं पडणं ३६ टक्क्यांनी कमी झालं. मांडीचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल.

पाय गार पडणं, चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागणं, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, नखाखाली नव्यानं दिसलेली काळी रेघ, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय नकोत. मधुमेह्यानं जखमेसाठी दोन आठवडेसुद्धा थांबू नये.

आत्याच्या नखात बुरशी निघाली. यकृताची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. दर दीड महिन्याला मी साताऱ्याला जाते, तिचे पाय परातीत कोमट पाण्यात पाच मिनिटं धरते आणि गॅलरीच्या उजेडात कानस घेऊन बसते. पहिल्या खेपेला काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या खेपेला मुळाशी गुलाबी चंद्रकोर दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. गुढीपाडव्याला ती नखाच्या पाव भागापर्यंत आली होती. आत्यानं चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "आणि दुसऱ्या पायाचं?"