स्टिंग-रे: मुलांच्या मापाची सायकल, मोठ्या माणसाची बैठक

केळ्याच्या आकाराची लांब सीट, छातीपर्यंत येणारं हँडल आणि 20 इंची चाकं असलेल्या जुन्या अमेरिकी मसल बाइकवर मोठं माणूस बसलं की गुडघे वर येतात, पाय पूर्ण सरळ होत नाहीत आणि सगळं वजन मागच्या चाकावर पडतं. तरीही या सायकली स्वतःच्या मापाच्या करून चालवणारे खूप आहेत. त्यात काय सहज जमतं आणि काय अडतं, हे त्या सायकलीच्या जन्माशी बांधलेलं आहे.

1962च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं जुन्या 20 इंची सायकलींना लांब, उंच हँडलं आणि मुळात सायकल-पोलोसाठी बनलेल्या सीटा लावत होती. शिकागोच्या श्विन कंपनीतल्या अल फ्रिट्झ यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि 1963 मध्ये कंपनीची स्टिंग-रे 49.95 डॉलरला बाजारात आली. हफी कंपनीची अशीच सायकल, पेंग्विन, हीही त्याच वर्षीची. थोडक्यात, आधी पोरांनी गल्लीत जुळवाजुळव केली आणि मग कारखान्याने ती उचलली. म्हणूनच अशा सायकलीत बदल करणं हा तिचा अपमान आहे, हे काही संग्राहकांचं म्हणणं मला पटत नाही.

कारखान्याने मापं मात्र मुलांचीच ठेवली. क्रँक, म्हणजे पायडल जोडलेला दांडा, साधारण साडेपाच ते सहा इंचांचा. मोठ्या माणसाला साडेसहा-सात इंचांचा लागतो. इथे जुनी अमेरिकी पद्धत मदतीला येते. दोन्ही बाजूंचे क्रँक आणि मधला आस एकाच पोलादी कांबीतून वळवलेले असतात. ती अख्खी कांब काढता-घालता यावी म्हणून फ्रेमला मोठं भोक असतं आणि मुलांच्या-मोठ्यांच्या सायकलींत त्या भोकाचं माप सहसा एकच. त्यामुळे मोठ्या सायकलीचा लांब क्रँक काहीही न कापता बसतो. फक्त वळताना आतल्या बाजूचं पायडल जमिनीला घासण्याची शक्यता वाढते, म्हणून वळणावर ते पायडल वर ठेवायची सवय लावावीच लागते.

सीटचं काम अधिक किचकट. केळं-सीट पुढे सीटपोस्टवर (सीट धरणाऱ्या नळीवर) टेकते आणि मागे एका उंच कमानीवर, जिचे पाय थेट मागच्या आसाला बोल्टने जोडलेले असतात. नुसता पोस्ट वर ओढला तर सीटचं नाक वर आणि शेपूट खाली जाते. दोन्ही टोकं सारखी उचलायला कमानही लांब लागते. पोस्टची जाडीही आजच्या नेहमीच्या मापाची नसते, तेव्हा लांब पोस्ट घेताना माप तपासावं आणि त्याचा पुरेसा भाग फ्रेमच्या आत राहील हे पाहावं. त्यातूनही स्वार मागे सरकला तर पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर ते सहज उचललं जातं.

हा दोष इंग्लंडमध्येही जाणवला. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या चॉपर या अशाच सायकलीला पुढे 16 आणि मागे 20 इंची चाक होतं. 1972च्या मार्क-2 या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने सीट पुढे सरकवली, ती याच कारणासाठी. श्विननेही 1968 पासून क्रेट मालिकेत पुढे 16 इंची चाक दिलं होतं. मोठ्यांसाठी सुधारायला मला हे छोटं पुढचं चाक सर्वांत नडणारं वाटतं. 20-20ची साधी स्टिंग-रे कितीतरी बरी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला श्विनने 24 इंची चाकांची मँटा-रेही काढली. उंच झालेल्या पोरांसाठीचं ते कंपनीचं स्वतःचं उत्तर होतं, पण ते फार टिकलं नाही.

टायरबाबत एक सावधगिरी. श्विनच्या काही 20 इंची रिमचा व्यास 419 मिलिमीटर आहे, आजच्या नेहमीच्या 20 इंची टायरचा 406. दोन्हींवर 'वीस इंच' लिहिलेलं असलं तरी एक दुसऱ्यावर बसत नाही.

लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकी वस्त्यांनी याच फ्रेम घेऊन लोरायडर सायकली घडवल्या: पुढचं चाक धरणारे वाकवलेले चिमटे, पिळदार आरे, रंगकाम. तिथे सोय दुय्यम, रूप आधी. रोज चालवायची असेल तर माझं मत वेगळं: फ्रेम कापू नये, वेल्डिंग करू नये. क्रँक, पोस्ट, कमान आणि हँडल बदलून बहुतेक काम होतं, आणि मूळ भाग पेटीत जपून ठेवले तर सायकल कधीही पुन्हा मुलाच्या मापाची करता येते.