दगडफूल

गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे एक शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवल यांनी मिळून उभारलेले शरीर. मसाल्यासाठी मुख्यतः पार्मोट्रिमा या प्रजातीतील शैवाके गोळा करतात. हिमालयात आणि दक्षिणेकडच्या दमट डोंगरांत ती खडकांवर वाढतात तशीच झाडांच्या सालीवरही. वाण्याकडच्या पुडीत सालीचे कपटे निघतात ते त्यामुळेच.

कोरडे दगडफूल वरून राखाडी, खालून काळे आणि कडांना मुरडलेले असते. पाण्याचा थेंब टाकला की वरची बाजू हिरवट दिसू लागते. बुरशीचा वरचा थर भिजून पारदर्शक होतो आणि त्याखालचे शैवल दिसते. हा हिरवा थर पातळ असतो. एकूण शरीरात शैवलाचा वाटा सहसा एक दशांश किंवा त्याहूनही कमी. बाकी सगळा पसारा बुरशीच्या तंतूंचा. खालच्या काळ्या बाजूला, विशेषतः मध्यभागी, तंतूंचे झुपके असतात. ते मुळांसारखे दिसले तरी त्यांचे मुख्य काम आधार धरून ठेवणे हेच. पाणी आणि क्षार संपूर्ण पृष्ठभागातून आत येतात.

प्रकाशसंश्लेषण करते ते शैवल. त्याने तयार केलेला रिबिटॉल हा साखरेच्या कुळातला पदार्थ बुरशीकडे जातो. बुरशी त्याला निवारा देते, ओलावा धरून ठेवते आणि कडक उन्हापासून वाचवते. पाठ्यपुस्तके याला परस्परांच्या फायद्याचा सौदा म्हणतात, पण हिशेब इतका सरळ नाही. शैवल वेगळे काढून वाढवले की थोड्याच वेळात त्याच्यातून रिबिटॉल पाझरायचे जवळजवळ थांबते. शैवाकातील बरीच शैवले स्वतंत्रपणे जगू शकतात. बुरशी मात्र निसर्गात सहसा एकटी सापडत नाही. गरज कोणाला जास्त आहे, हे यावरून दिसतेच.

शैवाकात दोन जीव असतात हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये मांडले, तेही बुरशीला मालक आणि शैवलाला गुलाम ठरवून. तेव्हाच्या शैवाकतज्ज्ञांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. आयुष्यभर अभ्यासलेली ‘वनस्पती’ म्हणजे दोन परक्यांचा संसार निघावा, हे पचणे अवघडच होते. पुढे 1879 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी सहजीवनाची व्याख्या केली, ती भिन्न जीवांचे एकत्र राहणे एवढीच. फायदा व्हायलाच हवा अशी अट त्यांनी घातली नव्हती, परजीवी संबंधही त्यांनी त्यात धरले होते. दगडफुलाला ही जुनी व्याख्याच जास्त शोभते. 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या बाह्य थरात यीस्ट हा तिसरा भिडूही दाखवला. तो सगळ्याच शैवाकांत मात्र सापडत नाही.

कोरडे दगडफूल हुंगले तर विशेष वास येत नाही. थोड्या तेलात परतले की धुरकट, मातकट सुगंध सुटतो. तमिळनाडूत त्याला कल्पासी म्हणतात आणि चेट्टिनाड स्वयंपाकात ते हमखास असते. त्याची शेती होत नाही, बाजारातला माल रानातून खरवडून आणलेला असतो. शैवाके वर्षाला काही मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी वाढतात. त्यामुळे एकदा साफ केलेल्या फांदीवर तळहाताएवढे दगडफूल पुन्हा धरायला अनेक वर्षे लागतात, आणि हवेत सल्फर डायऑक्साइड जास्त असेल तर बहुतेक शैवाके तिथे तग धरत नाहीत.