शाईवाला नुसत्या रेषा गिरवत नाही
"कॉमिक्सचा खरा चित्रकार पेन्सिलवाला, शाईवाला फक्त गिरवतो," हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पेन्सिलवाला पानावर आधी पेन्सिलीने चित्र काढतो, शाईवाला त्यावर छपाईसाठी शाईने काम करतो. छापील पानावर पेन्सिल दिसतच नाही, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही.

अमेरिकी कॉमिक्सचं मूळ पान साधारण ११ बाय १७ इंचांचं. त्यात पूर्ण काळ्या करायच्या जागी पेन्सिलीची बहुधा नुसती फुली असते. त्या काळ्याची कड धारदार ठेवायची की तुटक, जवळच्या माणसाची बाह्यरेषा किती जाड, मागच्या इमारतीची किती बारीक, केसांना ब्रश की निब, हे शाईवाला ठरवतो. चित्राला खोली बरीचशी तिथून येते. माझ्या मते ही स्वतंत्र चित्रकलाच आहे.

पडताळायला श्रेयनामावली पाहा. पेन्सिल एकाचीच, पण शाई वेगवेगळ्यांची, असे दोन अंक शेजारी ठेवा. डोळ्यांखालची सावली आणि कपड्यांच्या चुण्या आधी बघा. फरक तिथे लगेच दिसतो.