चार्टर पद्धत (नॅसकार)

अमेरिकेत स्टॉक मोटारींच्या (बाजारातील नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या) शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या कप मालिकेत ठरावीक मोटारींना प्रत्येक शर्यतीत जागा व उत्पन्नातील वाटा यांची हमी देणारी व्यवस्था. ती फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. कमाल ४० जागांपैकी ३६ चार्टरधारकांच्या, उरलेल्या चार खुल्या. आधीची तीन वर्षे एकही शर्यत न चुकवता नाव नोंदवणाऱ्या संघांना पहिल्या वाटपात चार्टर मिळाले.

या खेळातील पैशांच्या हिशेबाचा प्रश्न जुनाच आहे. चोरटी दारू वाहणाऱ्या चालकांतून हा खेळ जन्मला, ही समजूत लोकप्रिय असून ज्युनिअर जॉन्सन यांच्यासारख्यांच्या चरित्रांतून तिला आधारही मिळतो. परंतु फ्लोरिडातील डेटोना बीचच्या वाळूवर १९३६ मध्येच स्टॉक मोटारींची शर्यत झाली होती. थोरले बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये तेथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली, ती मुख्यतः तिकिटांचा गल्ला घेऊन पसार होणाऱ्या आयोजकांना आवर घालण्यासाठी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या बैठकीतून उभी राहिलेली नॅसकार संस्था पुढे फ्रान्स कुटुंबाच्या हाती राहिली; संघ स्वतंत्र कंत्राटदारच राहिले.

चार्टरपूर्व काळात बंद पडलेल्या संघाकडे विकण्याजोगे जुन्या मोटारी व अवजारांपलीकडे फारसे काही नसे. बरीचशी मिळकत प्रायोजकांवर अवलंबून असल्याने विजेताही सुरक्षित नव्हता, आणि चार्टर आल्यावरही हे अवलंबित्व सुटले नाही. डेन्व्हरच्या फर्निचर रो रेसिंगने २०१७ चे विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी मोठा प्रायोजक निघून गेला आणि हंगामाअखेर संघ बंद झाला. त्याच्या चार्टरला सुमारे ६० लाख डॉलर मिळाल्याचे सांगतात. २०२३ मधील एका व्यवहाराची वृत्तांतील रक्कम ४ कोटींच्या आसपास आहे.

नॅसकारने पुढे केलेल्या सप्टेंबर २०२४ च्या चार्टर-करारावर १५ पैकी १३ संघांनी सह्या केल्या. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन व शर्यतपटू डेनी हॅमलिन यांचा २३एक्सआय आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स यांनी नकार देऊन ऑक्टोबरमध्ये नॅसकारवर मक्तेदारीविरोधी दावा लावला. नॅसकारने केलेली २०१८ मधील आर्का या दुसऱ्या स्टॉक मोटार मालिकेची व २०१९ मधील इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन या ट्रॅकमालक कंपनीची खरेदी, तसेच ठरलेल्या पुरवठादारांचेच भाग लावावे लागणारी, इतर मालिकांत न चालणारी ‘नेक्स्ट जेन’ मोटार हे आक्षेपांचे मुख्य मुद्दे होते. खटला शार्लट येथे उभा राहिला. ११ डिसेंबर २०२५ रोजी तडजोड होऊन चार्टर कायमस्वरूपी झाले. तडजोडीच्या आर्थिक अटी गोपनीय आहेत.

२०२२ पासूनच्या ‘नेक्स्ट जेन’ मोटारीने चुरस वाढवली की घटवली, यावर एकमत नाही. पहिल्याच हंगामात १९ वेगवेगळे विजेते झाले, मात्र छोट्या ट्रॅकवर पुढच्याला मागे टाकणे अवघड झाल्याची तक्रार टिकून आहे. पिट स्टॉपचे (शर्यतीत मध्येच थांबून चाके बदलण्याचे) रूपही पालटले: १५ इंची पोलादी चाकाचे पाच नट जाऊन १८ इंची अॅल्युमिनियम चाकाला मधोमध एकच नट आला. खर्च आटोक्यात येईल, या संस्थेच्या दाव्याला संघांनी फारसा दुजोरा दिलेला नाही.